माझ्या नाकाकडे बघा

कडाड्-कट्! आणि मग टायरखाली काहीतरी कुरकुरत चिरडल्याचा आवाज.

मी वळून बघितलं, तर माझा कॅमेऱ्याचा स्टँड एका पांढऱ्या गाडीच्या चाकाखाली होता.

ताम्हिणीच्या अलीकडे, जिथं रस्ता धरणाचं पाणी सोडून वर चढायला लागतो, तिथं मी तो डाव्या कडेला उभा करून ठेवला होता. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, म्हणून वाचला. मी स्वतः रस्त्याच्या पलीकडे उभी होते, कारण तिकडच्या उंबरावर माकडांची टोळी बसली होती आणि त्यातली एक माकडीण पिल्लाच्या डोळ्यांत बघत होती... अगदी तेवढ्यात हे.

ड्रायव्हर खाली उतरला. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, अंगात कंपनीच्या कॅबवाल्यांचा पांढरा शर्ट. त्यानं चाकाखाली बघितलं. मग मान पूर्ण वळवून, अगदी समोरासमोर, माझ्याकडे बघितलं.

"दिसला न्हाई ओ म्याडम."

"दिसला नाही? भगवं कव्हर आहे त्याच्यावर! जवळजवळ माझ्याएवढा उंच आहे तो!"

"आईशप्पत न्हाई दिसला. तुमी दिसला." तो जरा थांबला. "तुमच्याकडंच बघत गाडी कडंला घेतली. म्हटलं बाई एकटी हाय, पाऊस येतोय, कुटं सोडू का इचारावं."

मला इतका राग आला होता की मी त्या वाक्यावर लाजायचंसुद्धा विसरले. मी पाच मिनिटं बोलत होते. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग डिकीतून कोयता काढला, रस्त्याकडेच्या उतारावरून कारवीच्या दोन काठ्या तोडून आणल्या आणि स्टँडचा मोडका पाय काठ्यांमध्ये घालून तारेनं असा आवळला, की तो मूळच्यापेक्षा घट्ट उभा राहिला.

"गोरख," तो म्हणाला. "हितंच खाली, धरणाकडंला आमची वाडी हाय. आठवडाभर हिंजवडीजवळ, चांद्याला खोलीवर असतो, तितल्या कंपनीची कॅब चालवतो. शनवार-रईवार घरी. तुमी?"

"दिशा," मी म्हणाले. आणि पाऊस आलाच.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. माझा विषय सांगितला की लोक आधी हसतात. डोळ्यानं पाहिलेलं मेंदूपर्यंत कुठल्या वाटेनं जातं, हे मी माकडांत शोधते. संस्थेत आपोआप मेलेल्या माकडांच्या मेंदूचे पातळ काप काचपट्ट्यांवर ठेवलेले आहेत. आठवडाभर मी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघते. आणि शनिवारी मुळशीच्या जंगलात जिवंत माकडं बघते, ती कुठं बघतात, कशाकडे दचकून वळतात, ते टिपते. आमचे शरदचंद्र सर म्हणतात, "काचपट्टीवरचं माकड काही बघत नाही. बघणारं माकड बघ."

त्या शनिवारी गोरखनं मला पौडपर्यंत सोडलं. पुढच्या शनिवारी मी एसटीनं पौडला उतरले, तर हा एसटी स्टँडसमोर गाडी लावून उभा.

"आज स्टँड कुटं लावणार ते आधीच सांगा," तो म्हणाला. "मी तितनं गाडीच न्हाई नेत."

असे सात शनिवार गेले. भाद्रपद संपला, डोंगरावरची सोनकी पिवळी झाली, धरणावरचं धुकं उशिरापर्यंत उठेना. तो मला माकडं कुठं उतरणार ते आधीच सांगायचा. "आज वर गारठा हाय, खालच्या आंब्यावर असतील." आणि असायची. मी माकडं बुजू नयेत म्हणून बांधलेल्या पडद्याआड बसून टिपणं काढायचे, तो गाडीत बसून डब्यातली भाकरी खायचा आणि एक भाकरी माझ्यासाठी ठेवायचा. मी नको म्हटलं, की म्हणायचा, "आईनं दोघांच्या दिल्यात. तिला ठाव न्हाई दुसरं कोण ते. इचारती रोज."

"मग काय सांगता?"

"सांगतो, माकडं खात्यात."

आणि त्याचं बघणं... ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडची मुलं बोलताना फोनकडे बघतात, नाहीतर तुमच्या खांद्यावरून मागे. गोरख बोलायला लागला की आधी पूर्ण वळायचा. मान, खांदे, सगळं माझ्याकडे करून, सरळ डोळ्यांत बघून मग बोलायचा. मी गाडीत त्याच्या शेजारी बसून काही म्हणाले, तर गाडी कडेला थांबवून तो असा वळायचा, की जणू मी आत्ताच आलेय आणि तो मला पहिल्यांदा बघतोय. सत्तावीस वर्षांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

काही गोष्टी खटकायच्या. एकदा मी बाजूनं चिक्की पुढे केली, त्यानं घेतलीच नाही. मला वाटलं, मानी आहे. घाटातल्या चहाच्या टपरीवरची कमळताई बाजूनं चहा घेऊन आली की तो दचकायचा. मला वाटलं, कसल्या तरी विचारात आहे. गाडीचे दोन्ही बाजूंचे आरसे कुठंतरी आपटून मोडलेले, चिकटपट्टीनं बांधलेले होते. मला वाटलं... खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही. मी त्याच्याकडे बघत होते, आरशांकडे कोण बघतंय.

आठव्या शनिवारी धुकं इतकं दाटलं, की माकडं आली असती तरी दिसली नसती. आम्ही कमळताईच्या टपरीवर बाकावर समोरासमोर बसलो होतो. दुसरं कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

"एक सांगा," गोरख म्हणाला. "एवढी माकडं बघून तुमाला नेमकं घावतंय काय?"

मी सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर दोन गोल काढले. "हे दोन डोळे. प्रत्येक डोळ्यातून मागे तारांची एक जुडी निघते. लाखो बारीक तारा. या दोन्ही जुड्या मेंदूच्या खाली एका ठिकाणी भेटतात, इथं. आणि इथं एक गंमत होते. प्रत्येक जुडीतल्या नाकाकडच्या निम्म्या तारा पलीकडे जातात, उरलेल्या निम्म्या आपल्याच बाजूनं सरळ जातात. बघा, अशी फुली झाली. मग तिथून मागे, मागे, पार डोक्याच्या मागच्या टोकाला. तिथं पोचलं, की मग आपल्याला दिसतं."

"डोक्याच्या मागं दिसतं?" त्यानं आपल्या टाळूमागे हात लावला. "आन माकडालाबी असंच?"

"हुबेहूब. सशाचं, घोड्याचं वेगळं असतं. त्यांच्या जवळजवळ सगळ्या तारा पलीकडे जातात. निम्म्या-निम्म्या वाटून घेणारे म्हणजे माकडं आणि आपण."

"मंजी चुलतभाऊ."

"तुम्ही तर सख्खे."

तो हसला. डोळ्यांच्या कडांना बारीक घड्या पडल्या. मग टेबलावरच्या चहाच्या फुलीवर त्यानं बोट ठेवलं. "आन हे तुमी कसं तपासता? माकड काय सांगणार हाय तुमाला, मला दिसतंय म्हणून?"

"माणसाचं तपासणं सोपं असतं. दाखवू? माझ्या नाकाकडे बघा."

"नाकाकडंच?"

"फक्त नाकाकडे. नजर हलवायची नाही."

"आन वर डोळ्यांकडं गेली तर?"

"तर नापास."

"अवघड पेपर हाय," तो म्हणाला आणि बघायला लागला. मी हसू दाबत दोन्ही हात बाजूला नेले, खांद्यांच्याही बाहेर, आणि दोन्हीकडची बोटं हलवली.

"कुठल्या हाताची बोटं हलतायत?"

"कुटला हात?"

"चेष्टा नको, गोरख."

"तुमीच म्हणला नाकाकडं बघा. नाक दिसतंय. डाव्या बाजूला एक तीळ हाय. हात कुटंय?"

माझं हसू अजून तोंडावरच होतं. मी हात थोडे आत आणले. बोटं हलवत राहिले. आणखी आत. एव्हाना कुणालाही दिसायला हवं होतं. कमळताईला दिसलं होतं, ती गाळणी धरून आमच्याकडे बघत उभी होती.

"हां... आता आली," गोरख म्हणाला. "कुटनं काढली?"

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बदललेला वाटला. "उजवा डोळा झाका. तळहातानं. आता डाव्या डोळ्यानं माझ्या नाकाकडेच बघा."

मी हात त्याच्या डाव्या बाजूनं आणायला सुरुवात केली. कानापासून. गालापासून. डोळ्यासमोर येईपर्यंत... काही नाही. माझं बोट माझ्या नाकाच्या सरळ रेषेत आलं, तेव्हा तो म्हणाला, "आलं."

दुसरा डोळा. दुसरी बाजू. पुन्हा तेच. बरोबर मधोमध, पट्टीनं आखल्यासारखं.

दोन्ही डोळ्यांची बाहेरची निम्मी दुनिया गेली होती. आणि दोन्ही डोळ्यांच्या नेमक्या त्याच तारा, पलीकडे जाणाऱ्या, सबंध डोक्यात फक्त एका जागी एकत्र असतात. ती जागा माझ्या समोर टेबलावर चहानं काढलेली होती आणि वाळत चालली होती. तिच्या खाली, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिथून काहीतरी वाढत होतं आणि फुलीला वर दाबत होतं.

"पास का नापास?" गोरखनं विचारलं. अजून माझ्या नाकाकडेच बघत.

"डोकं दुखतं तुमचं?"

"दुखतं की. दिसभर गाडी चालवून कुणाचं न्हाई दुखत?"

"किती दिवस?"

"दोन-तीन वर्सं..." मग त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि त्याच्या चेहऱ्यावरची गंमत हळूहळू उतरली. "काय झालं, म्याडम?"

मी सांगितलं. जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं. तो हसायला लागला. मग उठून टपरीच्या बाहेर गेला आणि धुक्यात, रस्त्याच्या पलीकडे असलेली वनखात्याची पाटी अक्षर न् अक्षर वाचून दाखवली. मला ती पाटी आहे एवढंच दिसत होतं.

"आता सांगा. मला दिसत न्हाई?"

"समोरचं दिसतंय तुम्हाला. कडेचं जातंय. हळूहळू गेलं म्हणून कळलं नाही, तुम्ही मान वळवत राहिलात. गाडीचे दोन्ही आरसे का बांधलेत, गोरख?"

त्यानं मान वळवून गाडीकडे बघितलं.

"माझा स्टँड का दिसला नाही?"

"रोज सकाळी सहा पोरी घिऊन जातो हिंजवडीला," तो म्हणाला. आता त्याचा आवाज खाली गेला होता. "आजवर एक खरचटली न्हाई."

"चावी द्या."

"काय?"

"गाडीची चावी. मी चालवते. पौडपर्यंत."

त्याच्याकडे दहा वर्षांत कुणी चावी मागितली नसावी. त्यानं ती टेबलावर टाकली. मी बाबांच्या गाडीशिवाय काही चालवलेलं नव्हतं. घाटातून ती गाडी मी दुसऱ्या गिअरवर खाली आणली, घाम पुसत, आणि तो माझ्या डावीकडे बसून काचेबाहेर तोंड करून राहिला. पौडच्या स्टँडवर मी गाडी कडेला लावली.

"तुमी माकडांच्या डॉक्टर हायत, म्याडम," तो उतरता उतरता म्हणाला. "माणसांच्या न्हाई. चावी द्या."

आणि मी जे केलं, ते आठवून मला अजून धक्का बसतो. मी चावी पर्समध्ये टाकली, समोर उभ्या असलेल्या पुण्याच्या एसटीत चढले आणि निघून आले. खिडकीतून बघितलं, तर तो गाडीपाशी तसाच उभा होता, हात किंचित पुढे केलेला.

सोमवारी सकाळी साडेनऊला संस्थेच्या दारात वॉचमनशी कुणीतरी भांडत होतं. मी जिन्यावरून धावत खाली आले.

"चोर हाय ती!" गोरख वॉचमनला सांगत होता. "माझी चावी चोरलीय तिनं!" मला बघताच तो पूर्ण वळला. "म्याडम, दोन दिस झोपलो न्हाई. कामावर बदली ड्रायव्हर टाकावा लागला. चावी."

"देते," मी म्हणाले. "आधी अर्धा तास माझ्याबरोबर चला."

शरदचंद्र सरांचे एक मित्र डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. आत पांढरा खोलगट वाडगा, त्यात डोकं ठेवायचं, मध्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठं उजेडाचा ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. गोरख रागातच बसला. मी बाहेरच्या पडद्यावर बघत होते. ठिपके लुकलुकत होते, एकामागून एक, आणि बटण वाजत नव्हतं. शांतता. शांतता. मग एक टक्. पुन्हा शांतता.

"यंत्र बंद हाय का?" त्यानं आतून विचारलं.

डॉक्टरांनी छापायचं बटण दाबलं.

कागद छापून आला. त्यावर दोन गोल, प्रत्येकाची बाहेरची बाजू काळी. डाव्या गोलाची डावी, उजव्याची उजवी. डॉक्टरांनी तो त्याच्या हातात दिला. गोरखनं तो बराच वेळ धरून ठेवला.

"हे काळं..." तो म्हणाला.

"तिथं ठिपके होते," मी म्हणाले. "सगळीकडे होते."

तो खाली बसला. मग म्हणाला, "त्या सहा पोरी..." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. स्वतःचं काय होणार, हे त्यानं त्या दिवशी एकदाही विचारलं नाही. मी पर्समधून चावी काढून त्याच्यापुढे धरली, समोरून, त्याला दिसेल अशी. त्यानं ती घेतली नाही.

दोन दिवसांनी मोठ्या यंत्रातून त्याच्या डोक्याची चित्रं निघाली. मी आजवर माकडांच्या मेंदूचे शेकडो काप बघितलेत. ती फुली मी झोपेत काढून दाखवेन. पण त्या दिवशी काळ्या-पांढऱ्या चित्रात ती मला सापडेना. तिच्या जागी सुपारीएवढी गाठ होती, आणि गाठीवर ताणलेली एक बारीक, वाकलेली रेघ. ती रेघ म्हणजे फुली. मी बाहेर येऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले. डॉक्टर म्हणत होते, गाठ साधी दिसतेय, नाकाच्या वाटेनं काढता येईल, पण तारा किती दिवस दाबल्या गेल्यात यावर सगळं अवलंबून आहे. नजर परत येऊ शकते. तेवढीच राहू शकते. क्वचित... पूर्ण जाऊही शकते.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी वॉर्डात गेले, तर त्याच्या कॉटपाशी नऊवारीतली एक बाई बसली होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"चावी चोरली ती तूच का गं?"

मी मान हलवली.

"बरं केलंस," गोरखची आई, तुळजाबाई, म्हणाल्या. "माझ्या भाकऱ्या खाणारं माकडबी तूच असशील." आणि मी तोंड उघडायच्या आत त्या उठल्या. "मी चहा पिऊन येते. घाई न्हाई."

मी स्टुलावर बसले. गोरखनं मान पूर्ण वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मला रडू आलं.

"असं बघू नका."

"कसं?"

"असंच. पूर्ण वळून. मला... दोन महिने मला वाटत होतं—"

"काय वाटत हुतं?"

"काही नाही."

"बोला की. उद्या डोकं उघडणार हायेत माझं."

"नाकातून करणार आहेत."

"मग नाकाकडं बघून बोला."

मी त्याच्या नाकाकडे बघितलं. "मला वाटायचं, मी तुम्हाला आवडते. म्हणून असं बघता. आणि ते... ते गाठीमुळं होतं. कडेचं दिसत नव्हतं म्हणून मान वळवत होता. मी एवढं शिकले आणि आजाराच्या खुणेवर भाळले, गोरख."

खिडकीबाहेर कुणीतरी बादली घासत होतं.

"रस्त्यानं जाताना मी म्हशीकडंबी मान वळवायचो," तो म्हणाला. "ती गाठीमुळंच. पन म्हैस बघून झाली की मान परत रस्त्याकडं." मग अगदी हळू, "मान वळवायला गाठ लावती, दिशा. तितंच थांबायला न्हाई लावत."

त्यानं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती. मी त्याचा हात धरला, आणि तुळजाबाईंनी खरंच खूप वेळ लावून चहा घेतला.

ऑपरेशन चार तास चाललं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या समोर उभं राहून बोटं हलवली. गोरखच्या नाकात बोळे, आवाज गेंगाणा. "उजव्या हाताची," तो म्हणाला. मग, "डाव्या हाताची." मग त्याचा श्वास अडखळला. "आन माझ्या कडंला आई रडतीय. ती निळ्या लुगड्यात हाय." तो सरळ समोर बघत होता.

नजर आली, पण सगळी नाही. तीन महिन्यांनंतरच्या कागदावर डाव्या गोलाचा वरचा कोपरा करडाच राहिला. त्याला कुणी सांगायच्या आधीच त्यानं गाडी चुलतभावाला, शेखरला, देऊन टाकली. माणसं घेऊन गाडी चालवणार नाही म्हणाला. चांद्याची खोली सोडली. आणि मला फोन करायचाही सोडला. मी केला, तर "बरं हाय" म्हणायचा आणि ठेवायचा.

मला कळत होतं, का ते. म्हणून माघातल्या एका शनिवारी मी त्याला कळवलं नाही. सकाळची माणगावची एसटी धरली. पौडला गाडी थांबली, आणि मागच्या दारानं तो चढला. मला बघून दांड्याला धरून तसाच उभा राहिला.

"तुमी?"

"शनिवार आहे. माकडं बघायला चाललेय. तुम्ही?"

"...माकडं बघायलाच," तो म्हणाला. मग कान लाल करून, "तीन शनवार वाडीवरनं पौडला येऊन ह्याच गाडीला चढतोय. तुमी नसायचा."

मी खिडकीची जागा त्याला दिली. गाडी धरणाच्या कडेनं निघाली. पाणी निळं, स्वच्छ, काठाला गव्हाच्या पट्ट्या. तो काचेला नाक लावून बघत होता.

"दहा वर्सं ह्या रस्त्यानं गाडी नेली," तो म्हणाला. "कडंला एवढं समदं हाय, कधी बघितलंच न्हवतं."

घाट लागला. इंजिन ओरडायला लागलं, खिडक्या खडखडू लागल्या. तो काहीतरी म्हणाला.

"काय?"

"म्हणतोय, आता मी ड्रायव्हरबी न्हाई! वावरात काम करतोय! तुमी एवढ्या शिकलेल्या! आपलं जमायचं न्हाई!"

"काय जमायचं नाही?"

"आपलं!"

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय!"

मला त्याचा असा राग आला, की स्टँड मोडला तेव्हाही आला नसेल. सगळा जीव एकवटून मी ओरडले, "पण मला तुमच्याशीच लग्न करायचंय!"

आणि नेमकं त्याच क्षणी, समोरच्या वळणावर ट्रक अडकला म्हणून, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"...लग्न करायचंय" एवढं त्या एसटीभर घुमलं. कुणी हललं नाही. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं. माझे कान पेटले. समोरच्या सीटवरची, मांडीवर भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी सावकाश वळली.

"आगं बाई," ती म्हणाली. "हा तर तुळजीचा गोरख!"

"साळूमावशी..." गोरखनं डोळे मिटले.

"डोळं काय मिटतोस? पोरगी एवढं वरडून सांगतीया. बोल की!"

चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यानं डोळे उघडले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, माझा हात मात्र त्यानं केव्हाच घट्ट धरला होता.

"व्हय," तो म्हणाला.

"व्हय म्हणजे काय?" मी विचारलं.

"व्हय म्हंजी... व्हय. करायचं. मलाबी."

मागच्या सीटवर कुणीतरी शिट्टी मारली. ट्रक निघाला, इंजिन पुन्हा सुरू झालं, आणि आम्ही दोघं बाहेर न बघता गुंतलेल्या हातांकडेच बघत राहिलो. कंडक्टर आमच्यापाशी आला.

"तुम्हाला ताम्हिणीला उतरायचं होतं ना? मागं गेली की ती."

"मग आता?"

"आता थेट माणगाव."

साळूबाईंनी पोलक्यातून फोन काढला होता आणि त्यात ओरडत होत्या, "हॅलो! तुळजे! आगं हॅलो!" गोरख पुढे वाकून विनवण्या करत होता, "मावशी, थांब, आईला मी सांगतो." पण घाटात रेंज नव्हती. खाली कोकणात उतरेपर्यंत ती येणारही नव्हती. आमच्याकडे चांगली चाळीस मिनिटं होती, फक्त आम्हा दोघांची... आणि अख्ख्या एसटीची.